करारातला बुधवार

माझा आवाज मोठा आहे. गोरेगावला स्टुडिओत सेट उभे करण्याच्या खात्यात वीस वर्षं काढली की तो होतोच. एका टोकाला प्लायवूड कापणारा, दुसऱ्या टोकाला रंगवाला, आणि मधे उभा राहून दोघांना ऐकू जाईल असं बोलणारा मी. अडचण एवढीच, की संध्याकाळी दहिसरला घरी निघताना तो आवाज स्टुडिओत ठेवून यायला मी विसरायचो. बायको याच्या अगदी उलट. ती ओरडायची नाही, गप्प व्हायची. मी दहा मिनिटांत विसरून जायचो, ती दहा दिवस लक्षात ठेवायची. लग्नाच्या अकराव्या वर्षी आम्ही दोघंही दमलो. तिसरं कोणी नव्हतं, मारझोड नव्हती, व्यसन नव्हतं. नातेवाइकांना सांगायला धड कारणसुद्धा नव्हतं, त्यामुळे ते आमच्यावर जास्तच चिडले.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला समोर बसवून आम्ही सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मला दोन कपाटं मिळणार?" मी हसलो आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

वकीलबाईंचं ऑफिस बोरिवलीला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान. पहिल्याच भेटीत बाईंनी आम्हाला बजावलं, "परस्पर संमतीनं करताय ना? मग माझ्यासमोर भांडायचं नाही. भांडण आलंच तर खाली झेरॉक्सवाल्यासमोर जाऊन भांडा, त्याला सवय आहे."

आम्ही भांडलो नाही. दहिसरचा वन बीएचके माझ्याकडे राहायचा, कारण माझी आई माझ्यासोबत तिथे राहते. बायकोच्या हिश्श्याचं काय ते आमचं आधीच ठरलं होतं. तिनं कांदिवलीला भाड्यानं जागा घेतली होती, मुलगी तिच्याजवळ राहणार होती. घरातल्या वस्तूंची यादी करायची होती. मला वाटलं, ती फ्रिज मागेल, वॉशिंग मशीन मागेल. तिनं सगळ्यात आधी विळी लिहायला सांगितली. मासे कापायची, हातभर पात्याची ती विळी तिच्या आईनं लग्नात दिली होती. वकीलबाई पक्क्या शाकाहारी. त्यांनी "विळी, एक नग" असं लिहून घेतलं आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

मग विषय निघाला वारांचा. मुलगी वडिलांकडे कोणत्या दिवशी जाणार? मी हिशेब केला तो ड्यूटीचा. रविवारी आमच्याकडे शूटिंग असतं, दुपारी बाराला हजर राहावं लागतं. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणून मी सांगितलं, गुरुवारी शाळा सुटल्यापासून शुक्रवारी सकाळी शाळेत सोडेपर्यंत, आणि शनिवारी दुपारपासून रविवारी सकाळी दहापर्यंत. बायकोनं माझ्याकडे जरा चमकून बघितलं, पण "ठीक आहे" म्हणाली. आम्ही सह्या केल्या. कोर्टात पहिली तारीख झाली. दुसरी तारीख सहा महिन्यांनी, तोपर्यंत दोघांनी विचार करायचा, असा कायदा. वार मात्र त्याच आठवड्यापासून सुरू झाले.

आता सासूबद्दल सांगायला हवं. सासू मनोरीची, कोळीवाड्यातली. सकाळच्या पहिल्या बोटीनं मार्व्याला उतरते आणि मालाडच्या बाजारात मासे विकायला बसते. अकरा वर्षं मी तिच्याकडूनच मासे नेले आणि त्या अकरा वर्षांत एकदाही मला हवा तो मासा तिनं मला नेऊ दिला नाही. मी पापलेटाला हात लावला की ती हातावर मारायची. "त्यो नको. परवाचा हाय." मग गोणपाटाखालून दुसरंच काही काढून पिशवीत टाकायची. बाजूला उभ्या गिऱ्हाइकांना हे ऐकू जाऊन चालायचं नाही, म्हणून ती हे सगळं ओठ न हलवता बोलायची. मला वाटायचं, ही बाई मला कधी मनासारखं काही घेऊ देत नाही. मी घरी येऊन बायकोकडे तक्रारसुद्धा करायचो.

पहिली तारीख झाल्यावर एका शुक्रवारी मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. काहीतरी बोलावं असं मनात होतं. काय बोलावं ते मात्र ठरवलं नव्हतं. तिनं मला बघितलं, साडीचा पदर नीट केला आणि विचारलं, "काय देऊ?"

मी सुरमईकडे बोट दाखवलं. म्हटलं, "ताजी आहे?"

"सगला ताजा हाय," ती म्हणाली आणि सुरमई तराजूत टाकली.

घरी आईनं ती नळाखाली धरली, वास घेतला आणि म्हणाली, "ह्या खयसून हाडलंस रे?" मी म्हटलं, बाजारातून. कोणाकडून ते सांगायची हिंमत झाली नाही. सासूनं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. बर्फातली होती, खराब नव्हती. गिऱ्हाइकाला जे सांगतात तेच तिनं मला सांगितलं. पण कोर्टाच्या कागदावर सही करताना मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्या तराजूसमोर लागलं. नंतर मी त्या बाजाराकडे फिरकलो नाही.

इकडे मुलीचं येणं-जाणं सुरू झालं. पहिले दोन-तीन आठवडे मजेत गेले. मी तिला स्टुडिओतल्या उरलेल्या प्लायवूडचं कपाट करून दिलं, वर तिच्या नावाची पाटी रंगवून घेतली. मग ती फोनवर विचारायला लागली, "पप्पा, आज तुझ्याकडे काय आहे?"

"डाळ-भात, वालाची उसळ."

"अच्छा," ती म्हणायची.

पुढच्या गुरुवारी तोच प्रश्न आणि जवळपास तेच उत्तर. मग एका शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस आला. पुढच्या शनिवारी शाळेचा प्रोजेक्ट आला. त्यानंतर आली ती रविवारी सकाळी नऊलाच बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी उभी. "दहाला जायचंय ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "मनोरीच्या आज्जीकडे चिंबोऱ्या आहेत." आणि एका गुरुवारी मी तिला मैत्रिणीशी फोनवर बोलताना ऐकलं. "नाही गं, आज नाही येता येणार. आज डाळीच्या घरी आहे."

डाळीचं घर. माझं डोकंच फिरलं. मला खात्री पटली की बायको मुलीला पढवतेय. आधी हळूहळू शनिवार तोडायचा, मग गुरुवार, आणि मुलगी दहावीत जाईपर्यंत मी फक्त शाळेची फी भरणारा माणूस. मी गॅलरीत जाऊन बायकोला फोन लावला आणि आवाज चढवायच्या तयारीत उभा राहिलो. तेवढ्यात आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. कट केला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून माझ्यापुढे धरलं.

"तुका वार तरी कळतत काय रे? बेस्तरवार आणि शनवार! माझ्या नातीन माझ्या घरात माशाचो तुकडो कधी खावचो?"

मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. आमच्या घरात सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या तीन दिवशी मासे-मटण घरात येत नाही, अंडंसुद्धा नाही. वडील आजारी पडले तेव्हा आईनं हे वार धरले, ते गेल्यावरही सोडले नाहीत. माशाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. आणि मी, मालवणी घरात जन्मलेला, कोळ्यांचा जावई झालेला माणूस, वकीलबाईंसमोर बसून आठवड्यातले नेमके दोन कोरडे वार स्वतःच्या तोंडानं मागून घेतले होते. रविवारी मुलगी निघायची तीही दहा वाजता. म्हणजे आई मासे साफ करायला घेणार त्याच्या बरोबर आधी.

"आधी का नाही बोललीस?" मी ओरडलो.

"माका इचारलंस?" आई म्हणाली. विचारलं नव्हतं.

"मग एक गुरुवार सोड ना, नातीसाठी."

 तिनं देव्हाऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी विषय बंद केला.

पण हार मानेन तो मी कसला. पुढच्या गुरुवारी मी मुलीला शाळेतून परस्पर बोरिवलीच्या एका हॉटेलात नेलं आणि सुरमई थाळी मागवली. पोरगी खूश. ताटात काट्याशिवाय काही उरलं नाही. येताना दोघांनी बडीशेप खाल्ली, पानाच्या ठेल्यावर हात धुतले, एकमेकांचे श्वास तपासले. आईनं दार उघडलं, उंबरठ्यावरच थांबली आणि नाक वर केलं. दोघांना सरळ बाथरूमचा रस्ता दाखवला. डोक्यावरून अंघोळ करून बाहेर आलो तोवर आई जपाला बसली होती. त्या दिवशी ती आमच्याशी बोलली नाही. मुलीला आधी गंमत वाटली. मग झोपताना तिनं विचारलं, "आजी माझ्यावर रागावली का?" त्यानंतर हॉटेल बंद.

आता उरला एकच मार्ग, करारातला वार बदलून घेणं. मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुसरी तारीख महिन्यावर आली आहे. आता एक कलम उघडलं की सगळी उघडतात, हे लक्षात ठेवा. फ्लॅटही उघडेल. तुमच्या मिसेसना राग आला आणि तारखेला त्या नाही म्हणाल्या, तर सगळं पहिल्यापासून. एवढं कशासाठी, मला सांगाल का?"

"फोनवर नाही सांगता येणार," मी म्हटलं.

खरं म्हणजे समोर बसूनही सांगता येईल असं वाटत नव्हतं. पंचेचाळिशीच्या माणसानं वकिलाकडे जाऊन सांगायचं काय, की माझी मुलगी माशाअभावी माझ्यापासून तुटत चालली आहे? तरी मी तयारी केली. आमच्या रंगवाल्याशी सुट्टी बदलून घेतली. त्याला गुरुवारच हवा होता, तो साईबाबांचा भक्त. त्यानं बुधवार मला दिला आणि वर चहा पाजला.

ठरल्या दिवशी बायको आणि मी वकीलबाईंच्या टेबलासमोर बसलो. बायकोचा चेहरा गप्प होण्याच्या आधी होतो तसा झाला होता. वकीलबाईंनी पेन उघडलं. "बोला."

"मला गुरुवारच्या जागी बुधवार हवा," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि काही नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही असा चेहरा करून आलात की मला वाटलं, फ्लॅटचं काहीतरी आहे. बुधवार का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. गळ्यात कफ नसताना खाकरलो. मग एकदम बोलून टाकलं. माझ्याकडे येते तेव्हा तिला मासे मिळत नाहीत, आई वार मोडत नाही, आईच्या हातचा माशाचा तुकडा तिनं पाच महिन्यांत खाल्लेला नाही, आणि मुलगी माझ्या घराला डाळीचं घर म्हणते. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तो इतका खाली गेला की वकीलबाईंना पुढे झुकावं लागलं. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

बायको हसायला लागली. आधी पदर तोंडावर धरून, मग मोकळी. दोन वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. वकीलबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"अरे, मला वाटलं तू मुद्दाम निवडलेस ते वार," ती डोळे पुसत म्हणाली. "मासे आणायला नकोत, करायला नकोत, म्हणून. मी आईलासुद्धा तेच सांगितलं. आई केवढी चिडली होती माहितीये? म्हणाली, पोरीला मासे खायला घालायचा कंटाळा करतो तो बाप कसला."

मला त्या तराजूतली सुरमई आठवली. "मुद्दाम? मला वार कळले असते तर मी बुधवार सोडला असता?"

"तुला काय कळतं त्यातलं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण म्हटलं, आता कशाला."

"तू नेहमी तेच म्हणतेस."

"आणि तू विचारायच्या आधी ओरडतोस."

"खाली झेरॉक्सवाला मोकळा आहे," वकीलबाई म्हणाल्या.  त्यांनी पेन पुन्हा उचललं. "बुधवार. शाळा सुटल्यापासून गुरुवारी सकाळी शाळेत सोडेपर्यंत. तुमची हरकत नाही?"

"नाही. पण विळी मी परत देणार नाही," बायको म्हणाली.

"मागितली कोणी?"

वकीलबाईंना हे सगळं नवीन होतं, पण बाई कामाला पक्क्या. त्यांनी विचार करून शंका काढली. "बुधवारी संकष्टी आली तर?"

"तर शुक्रवार," आम्ही दोघं एकाच वेळी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. कारणाच्या जागी काय घालायचं यावर त्या क्षणभर अडल्या आणि मग "अल्पवयीन मुलीच्या हिताच्या दृष्टीने" असं घातलं. मला ते पटलं. जिना उतरताना बायको पुढे होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "एवढ्या हळू आवाजात तू आधी कधी बोलला असतास तर." ती बरोबर होती. ती रिक्षात बसली, मी चालत सुटलो. ते वाक्य मला अजून अधूनमधून आठवतं आणि वाईट वाटतं. पण त्यामुळे आमचं लग्न वाचलं असतं असं मला वाटत नाही, आणि तिलाही वाटत नसावं.

दुसऱ्या तारखेला कोर्टात सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं. न्यायाधीशबाई कागद वाचत होत्या. स्वखुशीनं करताय ना, कोणाचा दबाव नाही ना, हे विचारून झालं. मग त्या एका पानावर थांबल्या, चष्मा खाली ओढला आणि विचारलं, "संकष्टी आल्यास शुक्रवार. हे काय?"

 त्यांनी एकदा माझ्या आडनावाकडे, एकदा बायकोच्या माहेरच्या पत्त्याकडे बघितलं. "मासे?"

"हो," आम्ही म्हणालो.

"आमच्याकडे मंगळवारही पाळतात," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं. आमचा घटस्फोट झाला.

त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी आई सकाळपासून कामाला लागली. नारळ खोवून झाला, मिरच्या भिजल्या, तिरफळं निघाली. मला पिशवी देताना म्हणाली, "मागच्या खेपेसारख्या हाडू नको." मी स्कूटर काढली. दहिसरलाच बाजार आहे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मी तिथून पुढे गेलो, बोरिवली गेली, कांदिवली गेली, आणि मालाडला येऊन थांबलो. एवढ्या लांब का आलो याचं उत्तर मला माहीत होतं. भीतीही वाटत होती. ती पुन्हा "काय देऊ" म्हणाली असती, तर मी मासे घेऊन गुपचूप घरी आलो असतो आणि पुन्हा कधी गेलो नसतो. तसं झालं असतं तरी तिचं चुकलं असं म्हणता आलं नसतं. कागदावर आता मी तिचा कोणी नव्हतो.

ती तिच्या जागेवर बसली होती. समोर एक बाई पिशवी घेऊन भाव विचारत होती. मी बाजूला उभा राहिलो. सासूनं मान वर करून मला बघितलं. पाटावर सुरमई होती, चांगली लांबलचक, चकाकणारी. मी वाकून तिला हात लावला.

हातावर फटका बसला.

"ती नको," सासू ओठ न हलवता म्हणाली. "कालची हाय, बर्फान ठेवलेली."

मी हात मागे घेतला. तिनं मागच्या गोणपाटाखाली हात घातला आणि बोंबील काढले, ओले, गुलाबीसर, आत्ताच पाण्यातून निघाल्यासारखे. तराजूकडे बघितलंसुद्धा नाही. मांडीवर घेतले आणि एकेक साफ करायला लागली, डोकी काढून, पोटं फाडून, मधला काटा ओढून. "घरान विली नाय ना तुझ्या," ती म्हणाली. "आणि तुझ्या आईला सांग, पोरीला तिखट जास्त नको. सोमवारपासून खोकतेय."

मला हे माहीत नव्हतं. मी मान हलवली.  पिशवी घेतली आणि वळलो. चार पावलं गेलो नसेन, तोच मागून तिचा खणखणीत आवाज आला. त्या थांबलेल्या बाईला ती सांगत होती, "ये बाय, ही सुरमई बघ. एकदम ताजी हाय."